सह्याद्रीतील रेंज ट्रेकसाठी एक-दीड किलोचा तंबू: कोणता घ्यावा?

घाटवाट (धागाकर्ता)

नमस्कार. येत्या डिसेंबरात आम्ही दोघे मित्र रतनगड ते हरिश्चंद्रगड ही वाट सगळे सामान स्वतःच्या पाठीवर घेऊन करणार आहोत. रतनवाडीतून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड, पुढे कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड असा क्रम ठरला आहे. सध्या आमच्याकडे तीन माणसांचा घुमटाकार तंबू आहे. त्याचे वजन साडेतीन किलोच्या आसपास भरते आणि तो सॅकमध्ये मावत नसल्यामुळे बाहेर बांधावा लागतो, त्यामुळे कारवीतून जाताना तो प्रत्येक फांदीत अडकतो.

आतापर्यंतच्या शोधात तीन प्रकार समोर आले. पहिला, स्वतःच्या पोलवर उभा राहणारा दुहेरी कापडाचा (आत जाळीचा भाग, त्यावर वेगळे पाणीरोधक कापड) तंबू, साधारण दीड ते पावणेदोन किलोचा. दुसरा, चालण्याच्या काठ्यांच्या आधाराने उभारायचा, एक किलोच्या आसपासचा. तिसरा, डायनीमा या अतिशय हलक्या आणि मजबूत कृत्रिम कापडाचा एकेरी तंबू, जो अर्ध्या-पाऊण किलोत बसतो, पण आयात केल्यास पन्नास हजारांच्या पुढे जातो. तिसरा आमच्या खिशाबाहेरचा आहे, तरीही कुतूहल म्हणून विचारतो.

अडचण अशी आहे की आंतरजालावरची बहुतेक परीक्षणे अमेरिका आणि युरोपातली आहेत. आपल्याकडचा कातळ, आपले दव आणि आपल्या कड्यांवरचा वारा यांचा विचार त्यांत नसतो. ज्यांनी हलके तंबू प्रत्यक्ष सह्याद्रीत वापरले आहेत त्यांनी मत द्यावे. ‘तंबूच कशाला हवा’ असे म्हणणारेही येतीलच, त्यांचेही स्वागत आहे.

पडवीवाला

निमंत्रण मिळालेच आहे, तर पहिला मीच येतो. तंबूच कशाला हवा? रतनगडावर गुहा आहेत, हरिश्चंद्रगडावर देवळाच्या परिसरात गुहा आहेत आणि मधले दोन मुक्काम कुमशेत व पाचनई या नांदत्या गावांत आहेत. गावात एखाद्या घरी आधी निरोप दिला तर पडवीत अंथरूण मिळते, नाचणीची भाकरी आणि पिठले मिळते आणि आपले पैसे त्या घरात जातात. एक किलोच्या तंबूचीही गरज नसताना त्याच्या कापडाचा अभ्यास करणे मला अनावश्यक वाटते. दोन चटया आणि दोन स्लीपिंग बॅगा घ्या आणि निघा.

घाटवाट

पडवीवाला, गावातल्या मुक्कामाबद्दल पूर्ण सहमत आहे आणि पाचनईत तसेच करण्याचा विचारही आहे. मात्र डिसेंबरातल्या शनिवारी हरिश्चंद्रगडाच्या गुहांत पाय ठेवायला जागा मिळत नाही. शिवाय वाटेत उशीर झाला तर आहे तिथे थांबता यावे, हे स्वातंत्र्य मला हवे आहे. त्यासाठीच तंबू.

कातळखुंटी

धागाकर्त्याने कातळाचा उल्लेख केला ते बरे झाले, कारण माझ्या मते निर्णय तिथेच होतो. आपले किल्ले आणि घाटमाथ्याची पठारे बेसाल्टच्या थरांवर आहेत. वर वीतभर माती असेल तर ती हिवाळ्यात वाळून कडक होते आणि अनेक ठिकाणी तीही नसते. अशा जमिनीत तंबूची मेख दोन बोटे आत जाते आणि तिथेच अडते. काठ्यांच्या आधाराचा तंबू हा संपूर्णपणे मेखांच्या ताणावर उभा असतो. चारपैकी एक मेख निसटली की तो बसतो. स्वतःच्या पोलवर उभा राहणारा तंबू निदान उभा तरी राहतो, उचलून दोन हात बाजूला सरकवताही येतो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. स्वतःच्या पोलवर उभे राहतात असे सांगून विकले जाणारे अनेक हलके तंबू अर्धेच तसे असतात. वजन वाचवण्यासाठी त्यांचा पोल डोक्याकडे दुभंगलेला आणि पायांकडे एकच असतो, त्यामुळे पायांकडचे दोन कोपरे मेखांनी ताणावेच लागतात. फ्लायचा, म्हणजे बाहेरच्या पाणीरोधक कापडाचा, दरवाजाकडचा भाग तर जवळपास सगळ्याच तंबूंना ताणावा लागतो. विकत घेण्यापूर्वी पोलची रचना छायाचित्रात नीट पाहावी.

मेख जात नसेल तिथे दगडाचा उपाय आहे. नुसता दोरीवर दगड ठेवला तर वाऱ्याच्या झटक्याने दोरी सरकते आणि दगडाच्या धारेवर घासून तुटतेही. त्याऐवजी दोरीचा लांब फास करून तो एका लहान दगडाभोवती घालावा, तो लहान दगड तंबूपासून दूरच्या बाजूला ठेवावा आणि त्याच्या पुढ्यात, दोरीवर, मोठा दगड ठेवावा. दोरी ओढली गेली की लहान दगड मोठ्याला येऊन अडतो आणि जितका ताण येतो तितका बंध पक्का होतो. यासाठी प्रत्येक ताणदोरीला हात-दीड हात जास्तीची दोरी जोडून नेणे आवश्यक आहे. तंबूसोबत येणाऱ्या दोऱ्या गवताळ जमिनीसाठी बेतलेल्या असतात आणि इथे अपुऱ्या पडतात.

आणि एक विनंती. हे दगड वाड्यांच्या जोत्यांतून किंवा तटबंदीतून काढू नयेत. गडावर सुटे दगड भरपूर असतात, थोडे चालून आणावेत. तंबूंच्या कडेने रचलेली चिऱ्यांची वर्तुळे मी गडांवर पाहिली आहेत आणि ते चिरे कुठून आले हे सांगायला पुरातत्त्वज्ञ लागत नाही.

फरसाणभक्त

माझ्या एका सहकाऱ्याने तंबूत नऊशे ग्रॅम वाचवले आणि त्या आनंदात सव्वा किलो फरसाण बांधून घेतले. त्याच्या सॅकचे वजन वाढले, परंतु गटातील त्याची लोकप्रियताही वाढली. हे निरीक्षण केवळ नोंदीसाठी.

सुताचा हिशेब

मी इचलकरंजीत विणकामाच्या व्यवसायात आहे, त्यामुळे तंबूपेक्षा त्याच्या कापडाबद्दल अधिक अधिकाराने लिहू शकेन.

जाहिरातींत २० डी, १५ डी असे आकडे असतात. डी म्हणजे डेनियर, अर्थात ९,००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन. नेहमीच्या जाड तंबूंत ६८ किंवा त्याहून जास्त डेनियरचे पॉलिएस्टर असते, तर हलक्या तंबूंत १० ते २० डेनियरचे नायलॉन किंवा पॉलिएस्टर. आकडा लहान झाला म्हणजे कापड निकृष्ट झाले असे नाही, कारण ताकद सुताच्या प्रतीवर, विणीवर आणि मुख्यतः लेपावर अवलंबून असते. सिलिकॉनचा लेप सुतांना एकमेकांवरून किंचित सरकू देतो, त्यामुळे फाटण्याचा जोर अनेक सुतांत वाटला जातो आणि कापड फाटायला अवघड होते. पॉलियुरेथेनचा लेप सुते जागच्या जागी चिकटवून टाकतो, म्हणून तेच कापड तुलनेने लवकर फाटते. उलट बाजू अशी की सिलिकॉनवर शिवणीची पट्टी चिकटत नाही. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेला तंबू घेतलात तर शिवणींवर सिलिकॉनचाच द्रव स्वतः ब्रशने लावावा लागतो.

नायलॉन आणि पॉलिएस्टर यांतला फरक आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. प्रमाणित हवेत नायलॉन आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओलावा शोषते, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. ओले झालेले नायलॉन लांबते. संध्याकाळी ताठ बांधलेला तंबू पहाटे दवाने सैल पडतो आणि फ्लाय आतल्या जाळीला टेकते. पॉलिएस्टर तसे करत नाही आणि उन्हातही अधिक टिकते, मात्र समान वजनात नायलॉन अधिक मजबूत. माझे मत विचाराल तर दव आणि दमटपणा पाहता सह्याद्रीसाठी २० डेनियरचे, सिलिकॉनचा लेप दिलेले पॉलिएस्टर अधिक समजूतदारपणाचे आहे.

पाणीरोधकतेचा आकडा मिलिमीटरमध्ये देतात. कापडावर पाण्याचा किती उंचीचा स्तंभ उभा केला असता पाणी आत झिरपू लागते, ती ही उंची. फ्लायला १,२०० ते १,५०० पुरेसे आहे, कारण थेंबाचा मारा क्षणिक असतो. तळाच्या कापडावर मात्र आपला गुडघा आणि कोपर टेकतो आणि तेवढ्याच जागी दाब कित्येक पटींनी वाढतो, म्हणून तिथे अधिक आकडा असावा. नुसता ‘५,००० मिमी’ असा ठळक आकडा पाहून हुरळून जाऊ नये, त्याचा अर्थ अनेकदा फक्त लेप जाड आहे एवढाच असतो.

रानजाई

सुताचा हिशेब, प्रतिसाद जपून ठेवला आहे. दवाबद्दल मी थोडी भर घालते.

हलक्या तंबूंबद्दलची सर्वांत जास्त तक्रार ‘पाणी गळते’ ही असते आणि बहुतेक वेळा ते पाणी बाहेरचे नसतेच. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभर बाष्प बाहेर पडत असते. डिसेंबरात आभाळ निरभ्र असते, त्यामुळे तंबूचे कापड आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग बाहेरून दव आणि आतून बाष्प अशा दोन्ही बाजूंनी ते ओले होते. दुहेरी तंबूत ते पाणी फ्लायच्या आतल्या बाजूने ओघळून खाली जाते आणि मधली जाळी आपल्याला त्यापासून दूर ठेवते. एकेरी तंबूत कूस बदलली की खांदा ओला होतो. डायनीमाचे कापड स्वतः पाणी शोषत नाही, परंतु त्याच्या आतल्या बाजूवर बाष्पाचे पाणी व्हायचे थांबत नाही. त्यामुळे पन्नास हजार खर्चूनही हा प्रश्न सुटत नाही.

उपाय जागेच्या निवडीत आहे. टाक्याच्या किंवा ओढ्याच्या अगदी काठाला आणि खोलगट जागी तंबू लावू नये, कारण थंड हवा तिथे साचते आणि दमटपणाही जास्त असतो. झाडाच्या फांद्यांखाली दव स्पष्टपणे कमी पडते, मात्र वाळलेल्या फांद्या वर नाहीत हे पाहून घ्यावे. थोडा वारा लागेल अशी जागा चांगली. आणि थंडी वाजते म्हणून वरचे झरोके बंद करण्याचा मोह टाळावा.

आणखी एक मुद्दा, ज्याकडे पुरुष सभासद सहसा लक्ष देत नाहीत. काही अतिहलक्या तंबूंचा आतला भाग जवळजवळ संपूर्ण जाळीचा आणि फ्लाय इतकी पातळ असते की आत विजेरी लावली की बाहेरून सर्व काही दिसते. गर्दीच्या गडावर कपडे बदलायचे असतील तर याचा विचार करावा लागतो. आतला भाग अर्धा कापडाचा असलेला तंबू शंभरेक ग्रॅमने जड असतो, पण थंड वाराही अडवतो. मी तो घेतला आणि समाधानी आहे.

सिएरातून

मी कॅलिफोर्नियात राहतो, मूळचा नाशिकचा. काठ्यांच्या तंबूची बाजू इथे कोणीच घेतली नाही, म्हणून लिहीत आहे.

सिएरा नेवाडा या कॅलिफोर्नियातल्या पर्वतरांगेतही कठीण ग्रॅनाइट आहे आणि तिथेही मेखा जात नाहीत. तरीसुद्धा हजारो लोक काठ्यांचे तंबू वापरतात आणि कातळखुंटी यांनी सांगितलेली दोन दगडांची पद्धत तिथेही रोजची आहे. त्यामुळे जमिनीमुळे काठ्यांचा तंबू बाद होतो हे मला मान्य नाही. दोन काठ्यांचे, दुहेरी कापडाचे आणि चार मेखांवर उभे राहणारे तंबू आता मिळतात. २०१९ साली आलेल्या एक्स-मिड या तंबूने ती रचना लोकप्रिय केली आणि नंतर तिच्या धर्तीवर इतरही तंबू निघाले. त्यांच्या फ्लायचा तळ चौकोनी असल्यामुळे चार कोपरे आखून घेतले की मापाचा गोंधळ होत नाही. पावसात आधी फ्लाय आणि नंतर आतला भाग लावता येतो, हा मोठा लाभ आहे.

मात्र रानजाई यांचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. सिएरातला उन्हाळा कोरडा असतो, म्हणून एकेरी तंबू तिथे खपून जातात. तिथे ‘उत्कृष्ट’ ठरलेला एकेरी तंबू घाटमाथ्यावर तसाच ठरेल असे अजिबात समजू नये.

जाता जाता, वजनवेड्यांसाठी एक आठवण. १९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजींनी अपालाचियन ट्रेल हा अमेरिकेतला तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा मार्ग एकटीने पूर्ण केला. पायांत कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली झोळी आणि निवाऱ्यासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. डेनियर किती होते याची नोंद नाही.

पडवीवाला

गेटवुड आजी माझ्या पक्षातल्या आहेत असे मी जाहीर करतो. त्या वाटेत लोकांच्या घरीही मुक्काम करत असत.

मोजमाप

सिएरातून, तुमच्या हिशेबात एक वजन राहून गेले आहे. काठ्यांचा तंबू एक किलोचा असतो, कारण काठ्या त्यात धरलेल्या नसतात. जो काठ्या घेऊन चालतोच त्याच्यासाठी हे योग्य आहे. परंतु आपल्याकडे अनेक जण काठ्या वापरत नाहीत, कारण कातळटप्प्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. दोन काठ्यांचे चारशे ते पाचशे ग्रॅम त्यात मिळवले की तुमचा एक किलोचा तंबू दीड किलोचा होतो आणि तो पोलवाल्या तंबूच्या शेजारी येऊन बसतो. धागाकर्ता काठ्या वापरतात का, हा पहिला प्रश्न असायला हवा होता.

दुसरे असे की उत्पादक दोन वजने देतात. एकात फक्त फ्लाय, आतला भाग आणि पोल असतात, दुसऱ्यात मेखा, दोऱ्या, पिशव्या सगळे. जाहिरातीत अर्थातच पहिले. तंबू घरी आला की किराणा दुकानातल्या काट्यावर सगळे मिळून ठेवावे आणि मगच तुलना करावी. तळाखाली अंथरायचे वेगळे कापड घेणार असाल तर तेही मोजावे. त्याच्याऐवजी जाडसर प्लास्टिकचा कागद तंबूच्या तळापेक्षा चार बोटे आत कापून घेतला तर काम भागते. तो तळाच्या बाहेर आला तर मात्र फ्लायवरचे पाणी त्यावर गोळा होऊन थेट तुमच्या खाली येते.

आणि पाणी. फेब्रुवारीनंतर या वाटेवर माणशी चार-पाच लिटर पाणी वाहावे लागू शकते, म्हणजे तेवढेच किलो. काहींच्या मते त्यापुढे तंबूतले पाचशे ग्रॅम नगण्य आहेत. मला याच्या बरोबर उलट वाटते. पाण्याचे वजन कमी करता येत नाही, म्हणूनच बाकीचे करायचे.

पवनाकाठ

आमच्याकडे धरणाच्या काठी एका ओळीत शंभर तंबू, प्रत्येकात गादी, उशी आणि बाहेर लाउडस्पीकर असतो. तिथे तंबू ट्रकमधून येतो, त्यामुळे वजनाचा प्रश्न निकालात निघालेला आहे. हा पर्याय कोणी सुचवला नाही म्हणून सुचवून ठेवतो.

डांगाणकर

मी अकोले तालुक्याच्या याच पट्ट्यातला आहे आणि वाटाड्या म्हणून काम करतो. दादांनी निवडलेली वाट चांगली आहे. काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. कुठे तंबू लावू देतात आणि कुठे नाही हे नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी वन विभागाच्या नाक्यावर किंवा गावातल्या समितीकडे विचारून घ्या. मध्येच रानात तंबू लावायचा विचार असेल तर तो आधी सांगा, नाहीतर तुमच्यामुळे आमच्या माणसांना बोलणी बसतात. शेकोटी करू नका. डिसेंबरात गवत वाळलेले असते आणि तुमचे ते पातळ कापड एका ठिणगीने भोक पडणारे आहे. मेखांसाठी किंवा काठीसाठी कारवी तोडू नका.

दगड आणताना हात एकदम खाली घालू नका. विंचू दगडाखालीच असतो आणि फुरसेही. आधी काठीने दगड उलटा करा, मग उचला. वर ज्यांनी दगडांची पद्धत लिहिली त्यांनी हे लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. सकाळी तंबू गुंडाळताना तळाखालीही पाहा.

रतनगडावर माकडे आहेत. खाण्याचा वास आला तर ती तंबूची चेन उघडत बसत नाहीत, कापड फाडतात. जाड तंबूही फाडतात, मग तुमचा तर जाळीचा. दिवसा तंबू लावून फिरायला जायचे असेल तर खाऊ सोबत न्या, किंवा तंबू संध्याकाळीच लावा.

पडवीवाल्यांचे म्हणणेही खरे आहे. तंबू असला तरी जेवण गावात घ्या. अंगण मोठे असते, तंबू तिथेही लागतो.

सिएरातून

डांगाणकर, हे वाचून लक्षात आले की इथल्या अस्वलांची आणि तिथल्या माकडांची शिकवण एकच आहे. इथे अनेक भागांत अन्न कठीण डब्यात घालून तंबूपासून दूर ठेवणे बंधनकारक आहे. तंबूत अन्न ठेवणारा माणूस दुसऱ्या दिवशी सुईदोरा शोधतो.

कडेकपारी

हरिश्चंद्रगडाबद्दल लिहितो, कारण या वाटेचा शेवटचा मुक्काम तिथे आहे आणि हलका तंबू तिथेच पणाला लागतो. कोकणकडा आत वळलेला, अर्धवर्तुळाकार आहे. कोकणातून येणारा वारा त्या पोकळीत शिरतो आणि वर फेकला जातो. तिथून काठावर तो सरळ रेषेत येत नाही, खालून आणि भोवऱ्यासारखा येतो. सूर्यास्ताचे छायाचित्र चांगले येते म्हणून काठाला तंबू लावणारे लोक दिसतात. तो तंबू हलका असो वा जड, माझ्या मते हा मूर्खपणा आहे. रात्री अंधारात लघुशंकेला उठलेला माणूस कोणत्या दिशेने पाऊल टाकेल याची खात्री नसते, वाऱ्याचे तर सोडाच. मंदिराच्या बाजूला, झाडीच्या आडोशाला यावे.

तंबूची अरुंद, उतरती बाजू वाऱ्याकडे करावी, दरवाजा नाही. दुपारी वारा कोकणाकडून आला म्हणून रात्रीही तिकडूनच येईल असे समजू नये, म्हणून चारही बाजूंच्या ताणदोऱ्या पहिल्यापासून बांधाव्यात. लोक हे टाळतात. ‘स्वतः उभा राहतो’ म्हणून एकही मेख न ठोकता सोडलेला रिकामा तंबू पठारावरून घरंगळत जाताना मी पाहिला आहे आणि त्याच्या मागे धावणारे मालकही. हलका तंबू तर आणखी लवकर उडतो. आत सॅक ठेवून मगच पोल उभे करावेत.

पोलची जोडनळी, म्हणजे तुटलेल्या पोलवर चढवायचा बोटभर लांबीचा अॅल्युमिनियमचा तुकडा, विसरू नये. वजन नगण्य आहे आणि ती नसेल तर मोडलेला पोल फ्लायला भोसकतो.

हिमवाट

मी थोडा वेगळा सल्ला देईन. वीस हजारांचा तंबू केवळ सह्याद्रीसाठी घेऊ नका, पुढे हिमालयातही चालेल असा घ्या. काश्मीरमधल्या सरोवरांच्या वाटेवर ऑगस्टातही गारा पडतात. तिथे आडवा पोल असलेला, फ्लाय जमिनीपर्यंत येणारा तंबू हवा.

मोजमाप

हिमवाट, असहमत. ‘दोन्हीकडे चालेल’ असे म्हणत घेतलेला तंबू दोन्हीकडे जड होतो. सह्याद्रीत हवा खेळण्यासाठी फ्लाय जमिनीपासून चार बोटे वर हवी, तर बर्फात ती जमिनीला टेकलेली हवी. शिवाय हिमालयातल्या बहुतेक आयोजित ट्रेकमध्ये तंबू आयोजकांचेच असतात. उत्तराखंडातल्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, तर रात्रीच्या मुक्कामाला तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली, त्यामुळे स्वतःचा तंबू घेऊन कुठेही राहू हा हिशेबही तिथे चालत नाही.

हिमवाट

स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांचा विचार तुम्ही केलेला नाही, पण फ्लायच्या उंचीचा मुद्दा मान्य आहे.

टाकेदुरा

खर्च कमी करायचा असेल तर स्वतः शिवण्याचाही पर्याय आहे. पूर्ण तंबू नव्हे, पण तीन मीटर लांबरुंद चौकोनी छत घरच्या शिलाई मशीनवर होते. सिलिकॉनचे कापड निसरडे असते, टाचण्या लावल्या तर प्रत्येक टाचणीचे भोक गळते, म्हणून कापडाच्या कडा घडी घालून क्लिपांनी धरायच्या आणि शिवण मारल्यावर सिलिकॉनचा द्रव लावायचा. धागा पॉलिएस्टरचा घ्यावा, सुती नको. खाली वेगळी मच्छरदाणी टांगली की दोन माणसांचा निवारा पाऊण किलोत होतो. त्याखाली झोपायला विंचवांच्या बाबतीत मन घट्ट असावे लागते, हे डांगाणकरांचा प्रतिसाद वाचून अधिक जाणवले.

रानजाई

टाकेदुरा, मच्छरदाणीला शिवलेला तळ आणि वीतभर उंच कडा असेल तर विंचवाचा प्रश्न मिटतो. तेवढ्याने दोनशेक ग्रॅम वाढतील, पण झोप लागेल.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप यांच्या प्रश्नाचे उत्तर: मी काठ्या वापरतो, माझा मित्र वापरत नाही. म्हणजे काठ्यांचा तंबू घेतला तर तो पूर्णपणे माझ्या काठ्यांवर अवलंबून राहील आणि कात्राबाईच्या खिंडीत एखादी मोडली की रात्री अडचण होईल. त्यामुळे आम्ही पोलवाल्या दुहेरी तंबूकडे झुकलो आहोत. सर्व मिळून सोळाशे ग्रॅम, २० डेनियर, आतला भाग अर्धा कापडाचा. एकाने फ्लाय आणि मेखा, दुसऱ्याने पोल आणि आतला भाग घेतला तर माणशी आठशे ग्रॅम होतात. जुन्या तंबूपेक्षा हे निम्म्याहून कमी आहे.

दोन शंका उरल्या आहेत. कापड नायलॉनचेच मिळत आहे, ते चालेल का? आणि सोबत आलेल्या मेखा पातळ तारेच्या आहेत, त्या बदलाव्यात का?

सुताचा हिशेब

नायलॉन चालेल. फ्लायच्या कोपऱ्यांना ताण कमीजास्त करणारे बकल आहेत का ते पाहा. झोपण्यापूर्वी दव पडू लागल्यावर एकदा ताणून घेतले की पुरे. परतल्यावर तंबू माळ्यावर टाकण्याआधी सावलीत पूर्ण वाळवा. दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप पाण्याशी प्रक्रिया होऊन सुटू लागतो, कापड चिकट होते आणि त्याला आंबूस वास येतो. मुंबईत आणि कोकणात हे फार लवकर होते आणि एकदा झाले की दुरुस्ती नाही. मूळच्या आवळ पिशवीत कोंबून न ठेवता सैल सुती पिशवीत ठेवा.

कातळखुंटी

मेखा अवश्य बदला. तारेच्या मेखा मुरमात वाकतात. अॅल्युमिनियमच्या तीनधारी मेखा, प्रत्येकी दहा-पंधरा ग्रॅमच्या, सहा घ्या. त्यांसोबत कातळातल्या भेगांसाठी दोन जाड, लांब खिळे न्या. मेख दगडाने ठोकताना डोक्यावर सरळ घाव घाला, तिरका घाव बसला तर तीनधारी मेखेचे टोकही मुडपते. आणि जास्तीची दोरी विसरू नका, दोन मिलिमीटर जाडीची दहा मीटर पुरेल.

डांगाणकर

कुमशेतला येण्याच्या आदल्या दिवशी कळवा. रतनगडावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून रतनवाडी सोडण्याआधीच फोन करा, म्हणजे जेवणाची सोय सांगून ठेवता येईल.

पडवीवाला

तंबू अंगणात लावा, हरकत नाही. पण रात्री थंडी वाढली तर पडवी उघडी असते.

फरसाणभक्त

वाचलेल्या जवळपास दोन किलोंचे काय करणार आहात, हे अद्याप कोणीच विचारलेले नाही.